पेट्रोलच्या पायपाला गूळ

आमच्या पिकअपला दोन वास यायचे. मागून गुळाचा आणि पुढून पेट्रोलचा. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या लोकांना गाडी बघायची गरजच नसायची. गल्लीच्या तोंडाशी वास आला की म्हणायचे, "आलं बघा आण्णा."

आण्णा म्हणजे माझे वडील. गुळाचे अडते. खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांचा गूळ यायचा, आण्णा तो मार्केटात सौद्याला लावायचे आणि आपली अडत घ्यायचे. पिकअप त्यांनी संस्थान विलीन झाल्यानंतरच्या कुठल्याशा लिलावात घेतली होती. अमेरिकेची, वाटोळ्या नाकाची, रंग एके काळी हिरवा असावा. माझ्यात आणि तिच्यात वयाचं अंतर फारसं नव्हतं, आणि आण्णांचा जास्त जीव कुणावर हा प्रश्न घरात कुणी कधी काढला नाही, हेच माझं नशीब.

घरात आम्ही तिघं. मी लहान असतानाच आई गेली. मला वाढवली आत्तीनं, म्हणजे आण्णांच्या थोरल्या विधवा बहिणीनं. आम्ही जैन. त्यातून आत्ती म्हणजे अख्ख्या गल्लीतल्या जैनांची जैन. दिवेलागणीनंतर तोंडात पाणी नाही, कांदा नाही, बटाटा नाही, आणि पाय टाकायच्या आधी जमीन बघणार. एवढ्यावर भागलं नाही म्हणून तिनं गूळसुद्धा सोडला होता. अडत्याच्या घरात राहून, वरच्या मजल्यापर्यंत गुळाचा वास येत असताना, आयुष्यभरासाठी गूळ सोडणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. आण्णा तिला घाबरायचे. मीही घाबरायची, पण माझं तोंड घाबरत नव्हतं.

आता गाडीचं दुखणं. पेट्रोलची टाकी मागं, इंजिन पुढं, आणि मधे गाडीच्या पोटाखालून जाणारा लोखंडी पाईप. तो जागोजाग गंजून गळायचा. शहाण्या माणसानं काय केलं असतं? पाईप बदलला असता. आण्णांनी काय केलं? गूळ आणि चुना खलात घोटला, फडक्याच्या पट्टीला लावला आणि पाईपला गुंडाळला.

"आगं, ह्याच लेपानं वाडं बांधल्यात लोकांनी," ते म्हणायचे. "आणि पेट्रोलात गूळ विरघळत न्हाय. करून बघ की तुझ्या कॉलेजात."

मी करून बघितलं. बीएस्सीच्या प्रयोगशाळेत, सरांचा डोळा चुकवून. खरंच विरघळला नाही. हे आण्णांना सांगितलं ही माझी मोठीच चूक, कारण त्यानंतर आल्या-गेल्या प्रत्येकाला ते सांगत सुटले, की आमच्या लेपाला कॉलेजची मान्यता हाय.

लेप धरायचाही. पण गूळ म्हटलं की मुंगळे आलेच. काळेभोर, टपोरे, आमच्याच गुदामात खाऊन माजलेले मुंगळे. चाकावरून चढायचे, पाईपाच्या वाटेनं थेट इंजिनापर्यंत जायचे, आणि लेप कुरतडून पुन्हा गळती चालू करून द्यायचे. आता दुसऱ्या कुणाच्या घरी असते तर हातानं झटकले असते, रॉकेल मारलं असतं, नाहीतर सरळ गाडी चालू केली असती. आमच्या घरी आत्ती होती. आत्तीचा कायदा असा, की बॉनेट उघडायचं, नीट उजेडात बघायचं, आणि आत एक जरी मुंगळा दिसला तरी तो आपल्या पायानं बाहेर येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. पंख्यात सापडला तर? तापल्या लोखंडाला चिकटला तर? त्याचं पाप कुणाच्या माथी?

त्यामुळे मार्केटात सौदा रंगात आलेला असायचा आणि आमचे आण्णा टोपी-कोट घालून गाडीपुढं उभे. हातात गुळाचा खडा लावलेली काठी. मुंगळ्यांना अजिजीनं बोलावतायत. गल्लीतले लोक विचारायचे, "काय आण्णा, पाव्हणं अजून जेवत्यात व्हय?" मला असा राग यायचा! पण हसूही यायचं, आणि दोन्ही एकदम आलं की मला ठसका लागतो, तो अजून लागतो.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. बीएड होऊन मी घरी बसले होते. दोन ठिकाणी मुलाखती देऊन झाल्या, दोन्ही ठिकाणी कुणाचा तरी भाचा निघाला. आणि मग एकदम चंदगड तालुक्यातल्या एका हायस्कूलची ऑर्डर आली. विज्ञान शिक्षिका. सोमवारी शाळा भरताना, अकराच्या आत हजर व्हायचं. हेडमास्तरांनी स्पष्ट बजावलं होतं, की वेळेत आला नाहीत तर दुसरा उमेदवार तिथंच गावात तयार बसलाय.

मला ही नोकरी हवी होती. हवी म्हणजे अशी की झोपेतसुद्धा मी फळ्यावर आकृत्या काढत होते. सहज मिळालेली गोष्ट नव्हती ती. आणि खरं सांगायचं तर घरात बसून बसून मी चिडचिडी झाले होते, कुणाच्याही अंगावर धावून जायची.

आण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. ज्याला त्याला सांगायचे, "पोरगी मास्तरीण झाली." आत्ती मात्र फुरंगटून बसली. "एकटी पोर? चंदगडात? तिथं पावसानं माणसाच्या अंगाला शेवाळ धरतंय. आणि खायाला भाताबिगर काय न्हाय." दिवसातून तीनदा तरी हे पालुपद व्हायचं. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

"मी एष्टीनं जाते," मी म्हणाले. पहाटेची एक थेट गाडी होती.

आण्णा उसळले. "एष्टीनं? ट्रंक, स्टोव्ह, वळकटी घिऊन? आपली गाडी दारात असताना? लोक काय म्हणतील मला?"

"लोक म्हणतील आण्णांची गाडी नेसरीच्या पुढं मुंगळ्यांनी अडवली," मी म्हणाले. "एका अटीवर येते. पाईप बदलायचा. सगळा. गूळ नाही, चुना नाही, फडकं नाही."

आण्णांनी एकदा मिशी चावली आणि हो म्हणाले. फार पटकन म्हणाले असं मला तेव्हाच वाटायला पाहिजे होतं.

शनिवारी आम्ही गाडी उद्यमनगरात गॅरेजवर नेली. मीही गेले, कारण आण्णांना एकटं सोडलं असतं तर ते मिस्त्रीलाच गूळ-चुन्याचा लेप शिकवून परत आले असते. मिस्त्री आडदांड गडी. बोलायला लागला की शेजारचं लेथ मशीन ऐकू येत नसे. त्यानं बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागं सरला.

"पावणं, ही गाडी हाय का गुऱ्हाळ?"

"जरा दमानं," आण्णा म्हणाले. "आत जीव हाईत."

"आणि माझा जीव न्हाय व्हय? दुसऱ्या गाड्या खोळंबल्यात की माझ्या!"

पण त्या बापड्यालाही थांबावं लागलं. आण्णांनी खिशातून खडा काढला, काठीला लावला, आणि उद्यमनगरातली सगळी पोरं-माणसं हातातलं काम टाकून मुंगळ्यांची मिरवणूक बघायला जमली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मुंगळे उतरल्यावर मिस्त्रीनं टाकीतलं पेट्रोल डब्यात काढून घेतलं आणि गाडीखाली सरपटला. एकेक लेप खरवडून निघायला लागला तसा आतून त्याचा आवाज यायला लागला. "हे बघा! हितं पाईप न्हाईच. नुसता गूळच हाय. पेट्रोल गुळातनं वाहतंय!" आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मिस्त्री त्यांची तारीफ करतोय. आणि म्हणाले, "बघ. किती वर्सं चालली."

जुना पाईप हातात घेतला तर मधेच मोडला. मिस्त्रीनं तांब्याच्या नळीचं वेटोळं आणलं, टाकीपासून पंपापर्यंत मापून तोडलं आणि जुन्या पाईपाच्या वळणानं हातानं वाकवत नेलं. नळीचं एक टोक मी धरलं होतं. प्रत्येक सांध्याला आधी नट सरकवायचा आणि मग हत्यारात धरून नळीचं तोंड फुलवायचं, म्हणजे नट आवळला की थेंब बाहेर येत नाही. एकदा तो बोलण्याच्या नादात नट घालायचा विसरला आणि तोंड फुलवून मोकळा झाला. "नट?" मी म्हणाले. त्यानं कपाळावर हात मारला, टोक कापून टाकलं आणि पुन्हा केलं. इंजिन हलतं म्हणून चासीवरची नळी आणि पंप यांच्या मधे रबरी नळी टाकली, दोन्हीकडून क्लिपा आवळल्या. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा छोटा तुकडाही नवा.

शेवटी त्यानं आपल्या मनानं पेट्रोल अडवायचा एक कॉक बसवला. ड्रायव्हरच्या दाराखाली, पायरीच्या आतल्या बाजूला. वाकून हात घातला की लागायचा. "रातचं गाडी लावली की हे बंद करायचं. निघताना उघडायचं. इसरला तर गाडी चालू हुईल, दोनदा खोकंल आणि मरंल. मग माझ्या नावानं शंख करू नका."

"असली थेरं कशाला?" आण्णा म्हणाले. "नळाला तोटी आसती. गाडीला कुठं तोटी बसवत्यात?"

घरी आल्यावर मी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. रविवारी सकाळी कागद कोरडा ठणठणीत. दुपारी कोरडा. संध्याकाळी कोरडा. मी इतकी खूश झाले की आत्तीला धरून गरकन फिरवलं, आणि तिनं मला शिव्या घातल्या. आण्णा वाकून वाकून कागद बघत होते. "गळत न्हाय," असं म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. मला वाटलं लेपाची आठवण येतेय.

सोमवारी उजाडायला निघायचं ठरलं. आत्तीच्या कायद्यानं उजेड झाल्याशिवाय इंजिन चालू करायचं नव्हतं, त्यामुळे पहाटेची एष्टी आमच्या दारावरून भोंगा वाजवत निघून गेली. जाऊ दे म्हटलं. आपली गाडी तयार आहे.

उजेड झाला. ट्रंक चढली, वळकटी चढली, स्टोव्ह चढला. मी खाली कागद बघितला, कोरडा. आण्णांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "अरारारा."

नवीकोरी तांब्याची नळी दिसतच नव्हती. मुंगळेच मुंगळे. पंपावर, रबरी नळीवर, पंख्याच्या पट्ट्यावर. जुन्या दिवसांत कधी नव्हते एवढे.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गळती नाही, लेप नाही, मग मुंगळे कशाला आले? मी आत डोकं घातलं. नळीला गूळ फासला होता. बोटानं, नीट, सगळीकडं सारखा.

आणि मला वाटलं, आत्ती! दुसरं कोण? हिलाच मला जाऊ द्यायचं नव्हतं, हिलाच ठाऊक होतं की मुंगळे असले की गाडी हलत नाही, कायदाच हिचा! मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि गल्ली जागी होईल अशा आवाजात बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शेवटी रडायला आलं आणि मी म्हणाले, "माझी नोकरी गेली ना, तर मी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही."

आत्तीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग दोन्ही हात माझ्या नाकापुढं धरले.

"वास घे."

मी घेतला. चंदनाचा वास, देवाच्या पूजेचा.

"गूळ सोडून किती वर्सं झाली मला? खायाचा सोड, हात तरी लावते का मी? तुझ्या वाटणीचा लाडूसुदा शेजारणीकडनं वळून आणते. खुळे, डोकं चालीव. मास्तरीण झालीस न्हवं?"

मी पुन्हा बॉनेटपाशी गेले आणि नळीच्या एका टोकाला, जिथं मुंगळे कमी होते तिथं, नखानं जरासा गूळ काढला. अडत्याची पोरगी आहे मी. जीभ लावायच्या आधीच रंग ओळखला. पिवळाधमक, दाणेदार, आणि जीभ लावली तर खारटपणाचा लवलेश नाही. कोडोलीच्या एका शेतकऱ्याच्या गुऱ्हाळातला गूळ. दर हंगामात त्याची एकच ढेप आण्णा स्वतःसाठी राखून ठेवायचे, पेढीच्या माळ्यावर, पांढऱ्या फडक्यात, टांगून. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दिवाळीला मला नखाएवढा मिळायचा. आणि गुदामात पोत्यानं काळा गूळ पडला होता, जनावरांना घालायचा. मुंगळ्यांना तोही चालला असता. पण आण्णांच्या हातून असला गूळ कुठं लागायला! चोरी करायला निघाले तरी माल एक नंबर.

मी मान वर केली. आण्णा टोपी-कोट घालून उभे होते आणि आभाळ किती भरलंय ते बघत होते. आभाळात त्या वेळी एक ढग नव्हता.

मी तोंड उघडलं. खरं तर त्यांना सोलून काढायची होती. पण त्यांच्या कोटाच्या बाहीला, बटणापाशी, गुळाचा डाग होता. त्यावर एक मुंगळा फिरत होता आणि आण्णांना त्याचा पत्ता नव्हता. का कोण जाणे, माझं तोंड आपोआप मिटलं.

आत्तीनं डाग माझ्या आधीच बघितला होता. ती सावकाश त्यांच्यापाशी गेली, मुंगळ्याला पदराच्या टोकावर घेतलं आणि जमिनीवर सोडलं.

"आरं, त्या मुंगळ्यांचं पारणं घातलंस व्हय?" ती म्हणाली. "जा. माळ्यावरनं ती ढेप आण. सगळी आण."

"सगळी?" आण्णांचा चेहरा पडला.

"सगळी. पोरीची येळ चाललीय."

त्या बाईनं, जिला माझं चंदगडला जाणं अजिबात मान्य नव्हतं, पुढचा सगळा कारभार हातात घेतला. ढेप फोडायला लावली, आण्णांनाच. प्रत्येक घावाला ते डोळे मिटत होते. बॉनेटपासून चाकापर्यंत दोरी सोडली, तिला तोच गूळ फासला, खाली परातीत खडे ठेवले. मुंगळ्यांना एकदा चव कळली होती, ते काय थांबतायत? रांगच्या रांग खाली उतरली. आत्ती कंबरेवर हात ठेवून बघत होती आणि पुटपुटत होती, "चला, चला, बिगी बिगी, पोरीला उशीर हुतोय." मग तिनं बॉनेटमध्ये डोकं घातलं, कोपरान्‌कोपरा तपासला, आणि म्हणाली, "लाव गाडी."

मी तिच्या पाया पडले. तिनं पाठीत एक धपाटा घातला. "पाणी पिणार न्हाईस न्हवं माझ्या हातचं? हे घे." आणि पाण्याची फिरकीची बाटली माझ्या हातात कोंबली.

निघालो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. कागल गेलं, निपाणी गेली. मी एक अक्षर बोलले नाही. आण्णाही समोरचा रस्ता बघत गाडी हाकत होते, आणि एरवी रमतगमत जाणारे आण्णा त्या दिवशी ट्रकना मागं टाकत होते. गडहिंग्लजच्या पुढं पावसानं गाठलं. काचा धुरकटल्या. मग मला राहवेना.

"आण्णा, गूळ कुठला वो तो?"

"कसला गूळ?"

"नळीला लावलेला."

"मला काय म्हाईत."

बराच रस्ता गेला. एक चढ गेला, एक ओढा गेला. मग आण्णा हळूच म्हणाले, "चाखलास न्हवं? कसा हुता?"

"एक नंबर."

"मग!" असं म्हणून त्यांनी गिअर बदलला. मला ठसका लागला तो नेसरी येईपर्यंत थांबेना.

शाळेच्या आवारात शिरलो तेव्हा शिपाई घंटेखाली हातोडी घेऊन उभा होता. व्हरांड्यात तो दुसरा उमेदवार, इस्त्रीच्या शर्टात, पायावर पाय टाकून. मी चिखलातून धावले. एक चप्पल तिथंच रुतली, तशीच पुढं गेले आणि हेडमास्तरांच्या टेबलापुढं उभी राहून "हजर" म्हणाले. घंटा त्यानंतर झाली. त्या उमेदवाराचं तोंड बघून मला जरा वाईट वाटलं, पण फार नाही. बाहेर आले तर आण्णा माझी रुतलेली चप्पल पागोळीखाली धूत बसले होते.

शाळेमागं एका शेतकऱ्याकडं मला खोली मिळाली. आण्णांनी ट्रंक आत ठेवली, स्टोव्ह पेटवून बघितला, कौलं वरनं बघितली, विहिरीचं पाणी चाखलं. मग निघायला गाडीत बसले. गाडी चालू झाली. दोनदा खोकली. बंद पडली.

पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"बघ," आण्णा खाली उतरून म्हणाले. "नवा पाईप! ह्यापरीस आपला लेप बरा हुता. आता मिस्त्री मिळूस्तवर मुक्कामच आला."

मी वाकले आणि पायरीच्या आत हात घातला. कॉक बंद होता. घट्ट बंद. कोल्हापुरात ज्याला त्यांनी थेरं म्हटलं होतं तो कॉक, पावसात भिजत, कोट चिखलात घालून, त्यांनी आवर्जून बंद केला होता. उभी राहिले. आण्णा कौलांकडं बघत होते.

"आण्णा," मी म्हणाले, "काम मोठं दिसतंय. राहा की चार दिवस."

"राहतो की," आण्णा म्हणाले. "काय करणार? नाइलाज हाय."

तापानं फणफणत असतानाही सौदा न चुकवणारा माणूस चंदगडात राहिला. मिस्त्रीची चौकशी मात्र एकदाही केली नाही. सकाळी मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचे आणि मधल्या सुट्टीत फाटकावरच दिसायचे. घरमालकाच्या भाताच्या आवणात, लावणीच्या चिखलात, उतरून त्याला ऊस लावायचा सल्ला देऊन झाला. माझ्या खोलीच्या गळक्या कौलाला त्यांनी काय लावलं ते मी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या.

गुरुवारी घरमालक म्हणाला, "आण्णा, गावाकडं मार्केट वाट बघत आसंल की." आण्णा हसले, पण त्या रात्री ताटावर नीट जेवले नाहीत. आत्ती तिकडं एकटी होती. शेतकऱ्यांचा माल पडून राहिला असणार. त्यांना जायला पाहिजे होतं, आणि ते स्वतःहून जाणार नव्हते, हे मला कळून चुकलं. कुणीतरी त्यांना घालवायला पाहिजे होतं, आणि तिथं माझ्याशिवाय होतं कोण!

शुक्रवारी ते विहिरीवर गेले असताना मी वाकून कॉक उघडला.

"आण्णा, एकदा लावून बघा की."

"न्हाय व्हायची. पंप गेलाय तिचा."

"बघा तर."

गाडी चालू झाली. आण्णा तिच्या खोकण्याची वाट बघत बसले. ती खोकली नाही. बराच वेळ तशीच घुरघुरत राहिली, पेट्रोलाचा वास नाही, काही नाही. त्यांनी पायरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हात कशानं काळं झालं गं तुझं?"

"खडूनं," मी म्हणाले.

आण्णांनी मान हलवली. कोटाच्या खिशातून पांढऱ्या फडक्यात बांधलेला एक खडा काढला, माझ्या काळ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "वाटीत घालून वाटी पाण्यात ठेव. हितल्या मुंग्या लई चलाख हाईत." आणि गेले. वळणावर हात करतील म्हणून मी बघत राहिले. त्यांनी हात केला नाही, नुसता भोंगा वाजवला, वळण संपलं तरी वाजवतच राहिले.

शाळेची पहिली घंटा झाली. मी जायच्या आधी, जिथं चार दिवस गाडी उभी होती तिथं वाकून बघितलं. कोरड्या मातीचा गाडीएवढा चौकोन होता, आणि त्यावर पेट्रोलाचा एक डाग नव्हता. मेली एवढी चांगली कशाला दुरुस्त करून घेतली, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.